धाकटी अव्वा

शिवकांताला आपल्या धाकट्या जावेचा हेवा वाटायचा, आणि तो बोलून दाखवायची सोय नव्हती. शेजारणीच्या दुभत्या म्हशीचा, भावकीतल्या कुणाच्या बागायतीचा हेवा असता तर तिनं चारचौघींत बसून बोटं मोडली असती. पण गौरम्माचा हेवा? गावातल्या कुत्र्यानंसुद्धा तोंड फिरवलं असतं. म्हणून नऊ वर्षं तिनं तो हेवा गिळला, आणि गिळलेला जिरतही नव्हता.

ही हकिगत निलंगा तालुक्यातल्या एका गावच्या लिंगायत घराची. शंकरप्पा थोरला, गुरुपादप्पा धाकटा. शिवकांता थोरल्याची बायको, गौरम्मा धाकट्याची. दोघींचं माहेर कर्नाटकाच्या शिवेकडचं, त्यामुळं घरात मराठीच्या पोटात कानडी शब्द असायचे. आईला अव्वा म्हणायचे आणि काकूला चिगव्वा. चिगव्वा म्हणजे धाकटी आई. शिवकांताला सत्यम झाला, दीड वर्षानं गौरम्माला मुलगी झाली, तिचं नाव नीलम्मा. सगळे नीला म्हणायचे.

त्र्याण्णव साली गणपती बुडवले त्या दिवशी नीलाच्या अंगात कसकस होती. पीक राखायला गुरुपादप्पा आणि गौरम्मा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या कोठ्यात, झोपायला जायचे. लेकराला ओलीत नको म्हणून गौरम्मा म्हणाली, "अक्का, आजच्या दिवस तुमच्याजवळ घ्या हिला." तीन वर्षांचा सत्यम मात्र चिगव्वाच्या पदराला धरून हटूनच बसला, मी पण आखाड्यावर. गेला. पहाटे जमीन हलली. शंकरप्पा ओसरीवर होता, तो अंगणात फेकला गेला आणि वाचला. आतलं माळवद बसलं. गावातल्या सगळ्या जुन्या घरांचं छप्पर तेच: लाकडी सरांवर, म्हणजे तुळयांवर, हातभर मातीचा थर. शिवकांताला दुपारी बाहेर काढलं, डावा हात खांद्यापासून निखळलेला. नीलाला तिच्याच कुशीतून काढलं. नीला गेली होती.

गौरम्मा त्यावर कधी एक अक्षर बोलली नाही. पत्र्याच्या शेडमध्ये दोघी दीड वर्ष एका चुलीवर राहिल्या, तरी नाही. माळावर सरकारनं बांधलेल्या घरांत गेल्या, तरी नाही. तिला पुन्हा मूल झालं नाही. पुढं गुरुपादप्पाला लातुरात दालमिलमध्ये काम लागलं आणि दोघं तिकडं गेले. त्याच सुमारास लातुरात क्लासेसचं पीक आलं. गावोगावची पोरं दहावी झाली की ट्रंक घेऊन लातुरात उतरायची, आणि उतरली की पहिला प्रश्न पडायचा जेवायचं कुठं. गौरम्मानं चार पोरींना डबे द्यायला सुरुवात केली. चाराच्या चाळीस झाल्या. दारावर मेसची पाटी लागली.

सत्यमला दहावीला चांगले मार्क पडले त्या उन्हाळ्यात ती गावी आली. ओसरीवर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "अक्का, सत्यमला माझ्याकडं द्या. क्लास तिथंच हाय, खोली हाय, जेवण हाय. दोन वर्षं."

शिवकांता काय म्हणणार होती? 'न्हाई' हा शब्द तिच्या जिभेवर आला तसा कुशीतल्या त्या लेकराच्या वजनानं मागं फिरला. तिनं ट्रंक भरून दिली.

दोन वर्षांची पाच झाली. डॉक्टर व्हायचं थोडक्यात हुकलं, मग लातुरातच बीएस्सी, मग नांदेडला एमेस्सी, आणि मग नांदेडच्याच एका क्लासमध्ये फिजिक्सचा मास्तर. क्लासच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो लागला, हाताची घडी घातलेला, आणि खाली 'सत्यम सर'. गावी सणाला यायचा. आला की एकदा तरी म्हणायचाच, "चिगव्वा यात थोडा गूळ घालते." शिवकांता भाजीत गूळ घालत नव्हती. त्या वाक्यानंतर तिनं गूळ घरात आणायचंच कमी केलं.

पंधरा सालच्या वैशाखात शंकरप्पा पारावरून सांगत आला, "सत्यमनं जुनी गाडी घेतलीय. आईतवारी समद्यांना नांदेडला बोलावलंय, रिसॉर्टमधी जेवायला."

"समद्यांना म्हंजी?"

"आपल्याला. गुरुपादला, गौरम्माला."

"तिला कशाला?" असं शिवकांताच्या ओठापर्यंत आलं. तिनं विचारलं, "रिसॉर्ट म्हंजी काय असतंय?"

तीन दिवस ती खपली. शेंगाची चटणी कुटली, धपाटे थापले, आणि निखळून बसलेला हात रात्री कण्हायला लागला तरी चटणीत तीळ भाजून घातले. लातूरच्या स्टँडवर गौरम्मा आणि गुरुपादप्पा येऊन मिळाले. गौरम्माच्या हातात एक बारकी पिशवी, बाकी काही नाही. शिवकांताला बरं वाटलं. हिनं काहीच आणलं नाही म्हणून ती अहमदपूरपर्यंत खुशीत होती.

नांदेडला सत्यमच्या खोलीवर पोचल्यावर तिनं चटणीचा डबा ठेवायला फळीवर हात घातला, तर तिथं आधीच एक बरणी होती. शेंगाचीच चटणी. अर्धी संपलेली. गौरम्मानं महिन्याच्या महिन्याला कुणाकुणासोबत पाठवलेली. शिवकांतानं आपला डबा त्या बरणीच्या पुढं ठेवला, आणि कुणी बघत नाही असं पाहून बरणी मागं, पुस्तकांच्या आड ढकलली.

सांजच्याला ऊन कलल्यावर निघाले. सत्यमनं गाडीचं पुढचं दार उघडून धरलं आणि म्हणाला, "अव्वा, तू पुढं बस."

शिवकांतानं नेसूचा काठ सावरला, पाऊल उचललं. तेवढ्यात गौरम्मा तिच्या शेजारून पुढं आली. "मला गाडी लागती ना अक्का," असं कसंनुसं म्हणत आत बसली. सत्यम गौरम्मालाच अव्वा म्हणाला होता.

केव्हापासून? 'चिग' कधी गळून पडलं? शिवकांता मागं नवरा आणि दिराच्या मधे अंग चोरून बसली आणि नायगावच्या रस्त्याला लागेपर्यंत जावेच्या अंबाड्याकडं बघत राहिली. अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा होता. तो कुणी आणला असेल हेही तिनं ओळखलं, कारण खोलीवरून निघताना सत्यम खाली जाऊन आला होता. तिच्यासाठीही आणला होता. तिनंच 'मला म्हातारीला कशाला' म्हणून पिशवीत टाकला होता. पण ते तेव्हा तिला आठवलं नाही.

रिसॉर्ट म्हणजे एक गाव होतं. कमानीवर लिहिलं होतं, 'चला, गावाकडं'. दारात नऊवारी नेसलेल्या बाईनं सगळ्यांना कुंकू लावलं आणि गूळ-पाणी दिलं. गुरुपादप्पाच्या आणि शंकरप्पाच्या डोक्यावर आयते शिवलेले फेटे बसवले. आत सिमेंटची बैलजोडी होती. शंकरप्पानं बैलाच्या वशिंडावरून हात फिरवला, दात बघितले आणि धाकट्याला म्हणाला, "अवसानात हाय की रं." दोघं भाऊ लहानपणी हसायचे तसे हसले. खरी बैलगाडीही होती. तिच्यात बसून शहरातली माणसं एक फेरी मारायची आणि उतरताना फोटो काढायची. विहिरीत निळ्या रंगाचं पाणी, मोटेला वीज. फळ्यावर खडूनं लिहिलेलं, 'आजचं विशेष : येळवशीची भज्जी, उंडे, आंबील.'

"वैशाखात येळवस?" शिवकांता म्हणाली. येळवस हा मार्गशीर्ष अमावस्येचा शेतातला सण, आणि त्याची भज्जी हिरव्या तुरीची. "हिरवी तूर कुठून आणली म्हणावं?"

गौरम्मा खुदकन हसली. शिवकांतालाही हसू येत होतं, ते तिनं दाबलं. हिच्यासोबत हसायचं नाही, असं तिनं गाडीतच ठरवलं होतं.

"चला, टेबल बुक हाय आपलं," सत्यम म्हणाला आणि पुढं झाला. "बघा आता. मुद्दाम हेच मागून घेतलं."

समोर एक जुनं घर होतं. दगड-मातीच्या भिंती शेणानं सारवलेल्या, खाली बुटकं दार, आत कंदिलासारखे दिवे, आणि वर लाकडी सरांवर मातीचं माळवद. आत टेबलं मांडली होती, माणसं हसतखेळत जेवत होती.

गौरम्मा उंबऱ्यापाशी थांबली. शिवकांता तिच्या पाठीवर जाऊन आदळली, आणि आत नजर गेली तशी तिचाही पाय जमिनीला चिकटला. डावा खांदा ठणकायला लागला.

"या की आत," सत्यम आतून म्हणाला.

दोघी हलल्या नाहीत.

"अव्वा? चिगव्वा? काय झालं?" तो बाहेर आला. मग त्याच्या ध्यानात आलं असावं, पण ते वाचलेलं ध्यानात येतं तसं. त्याला स्वतःला त्या दिवसातलं काही आठवत नव्हतं. "अरे देवा. पण हे खोटं हाय. वर सिमेंटचा स्लॅब हाय, ही माती नुसती दिसायला लावलीय. मी विचारलंय मॅनेजरला."

"तुमी बसा," गौरम्मा म्हणाली. "आम्ही बाहेरच बसतो. वारं बरं हाय इथं."

"हाव. वारं बरं हाय," शिवकांता म्हणाली. दिवसभरात जावेच्या बोलण्याला तिनं दिलेला तो पहिला होकार.

भाऊ दोघेही जरा घुटमळले. शंकरप्पानं वर बघितलं, गुरुपादप्पानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं दाराजवळच्या टेबलावर बसले, पाय उंबऱ्याकडं करून. बायकांसाठी वेटरनं निंबाखाली बाज टाकली, पुढं चौरंग मांडले, ताटं आणली.

दोघी जेवायला लागल्या. भाकरी थंड होती. भज्जीत तूर नव्हती, फ्रीजमधला वाटाणा होता.

"तनुजा म्हणली होती, इथलं आंबील चांगलं असतंय," गौरम्मा सहज बोलून गेली.

"कोण तनुजा?"

गौरम्माचा घास हातातच राहिला. आता परत घेण्यासारखं काही नव्हतं. "सत्यमच्या क्लासमधीच बायोलॉजी शिकवती. उमरीची. आपल्यातलीच हाय. अक्का, आज जेवण झाल्यावर त्योच सांगणार हाय तुम्हाला. त्याच्यासाठीच ह्ये समदं..."

"तुला कवा सांगितलं?"

"संक्रांतीला."

संक्रांतीपासून वैशाख. शिवकांतानं मनातल्या मनात महिने मोजले आणि ताट बाजूला सारलं. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"गौरा, तू माझं लेकरू घेतलंस."

नऊ वर्षांत जे तोंडातून निघू नये म्हणून तिनं दात आवळले होते, ते असं वाटाण्याच्या भज्जीवर निघून गेलं. बोलल्याबरोबर तिला भीती वाटली. आता ही म्हणेल, आणि माझं? आता ही बावीस वर्षांचं सगळं काढेल.

गौरम्मा म्हणाली, "हाव अक्का. घेतलं."

शिवकांतानं बाजूला सारलेलं ताट उगाच आणखी लांब सारलं.

"सरळ मागून घेतलं. तुम्हाला न्हाई म्हणता येणार न्हाई ह्ये मला म्हाईत होतं. म्हाईत असून आले. लातूरपासून गाडीत तेच घोकत आले, त्या न्हाई म्हणणार न्हाईत." ती बोटानं भाकरीचा तुकडा चुरत होती. "पोरींचे डबे भरताना पहिला डबा त्याचा भरायचे. त्यो क्लासमधून यायला उशीर झाला की नाक्यावर जाऊन उभी राहायचे. पहिल्यांदा चुकून अव्वा म्हणला, तवा मी त्याला म्हणायला पायजे होतं, चिगव्वा म्हण. न्हाई म्हणले. गप बसले."

"भज्जी आणू अजून? ठेचा?" वेटर येऊन उभा राहिला.

"नको," दोघी एकदम म्हणाल्या. तो गेला.

शिवकांताला राग यायला हवा होता, आणि आलाही; पण त्या रागात एक मोकळेपण होतं. नऊ वर्षं तिला वाटायचं, आपलंच मन वंगाळ आहे, ती बिचारी तर भोळेपणानं माया करते. ती भोळी नव्हती. तिनं जाणूनबुजून केलं होतं. शिवकांताला हे कळून बरं वाटलं, इतकं की तिलाच त्याची लाज वाटली.

"तुमाला एक विचारू?" गौरम्मा म्हणाली. तिनं अजून वर बघितलं नव्हतं. "कवाच विचारलं न्हाई. त्या राती नीला रडली का?"

'नीला' हा शब्द बावीस वर्षांत त्यांच्यात कुणी उच्चारला नव्हता.

"मला लई हेवा वाटायचा तुमचा," गौरम्मा म्हणाली. "तुमचं लेकरू जित्तं राहिलं म्हणून न्हाई. ती शेवटची रात तुमच्याजवळ हाय म्हणून. ती काय जेवली, कशी झोपली, समदं तुमच्याजवळ हाय. माझ्याजवळ कायबी न्हाई. विचारावं म्हटलं तर वाटायचं, अक्काला वाटंल मी दोष लावायले."

मग शिवकांता सांगायला लागली. एवढी वर्षं मिटून ठेवलेलं सगळं जसंच्या तसं होतं, त्याचं तिलाच नवल वाटलं. नीलानं दूधभाकरी चार घास खाल्ली. पाचवा थुंकला. तेल लावून घेताना हसली. हातातली बांगडी काढून चुलीत टाकायला निघाली होती, ती शिवकांतानं धरली. ताप उतरला होता. अंथरुणावर तिनं शिवकांताच्या गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं, आणि तशीच झोपली.

"रडली न्हाई?"

"न्हाई. पहाटे तर तिला जागच आली न्हाई. माझ्या हातावर डोकं होतं. मला कळलं असतं."

गौरम्मानं मान हलवली. मग हळूच म्हणाली, "माझी याद काढली का तिनं?"

आता खरं असं होतं की नीलानं आईची आठवण काढली नव्हती. दिवसभर ती शिवकांताच्याच कडेवर असायची, आणि झोपेत गुंगताना तिनं शिवकांतालाच 'अव्वा' म्हटलं होतं. दीड वर्षाच्या लेकराला अव्वा आणि दोडव्वा, म्हणजे थोरली काकू, यात फरक कळत नाही. शिवकांताला मात्र ते त्या वेळी गोड वाटलं होतं, आणि पुढं बावीस वर्षं ते आठवलं की जीव नको व्हायचा. हे आज सांगितलं असतं, तर फिटंफाट झाली असती. क्षणभर तिच्या मनात आलंही. सांगावं. गजरा घालून पुढं बसणारीला कळू दे, लेकरू दुसऱ्याला अव्वा म्हणतं तेव्हा कसं वाटतं.

"काढली की," शिवकांता म्हणाली. "झोप लागेपर्यंत अव्वा कुटं, अव्वा कुटं, चाललं होतं. मी म्हटलं, अव्वा आखाड्यावर हाय, सकाळी येती."

गौरम्मानं पदर तोंडाला लावला. आत कुणीतरी ढोलकी वाजवायला लागलं होतं, आणि शंकरप्पा दारातून वाकून या दोघींकडं बघत होता. शिवकांतानं त्याला हातानंच खूण केली, जेवा तुमी.

पदर खाली करून गौरम्मा म्हणाली, "सत्यमबी पहिल्या सालभर रोज तुमची याद काढायचा. जेवताना ताटावर बसला की म्हणायचा, अव्वाच्या हातची भाकरी पायजे."

शिवकांतानं तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं. हे खरं होतं, की तिनं आत्ता दिलं तसंच तिला परत मिळालं होतं, हे काही कळेना. तिनं खोदून विचारलं नाही. विचारलं असतं तर आपल्यालाही विचारलं गेलं असतं.

"माझ्या भाकरीला पापुद्रा येतो," ती एवढंच म्हणाली.

"येतो," गौरम्मा म्हणाली.

जेवणं उरकून सत्यम बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. दोघींच्या मधे उभा राहून त्यानं घसा साफ केला. "अव्वा, तुला एक सांगायचं होतं."

"उमरीला कवा जायचं पोरगी बघायला?" शिवकांता म्हणाली.

सत्यमनं चिगव्वाकडं डोळे वटारले. गौरम्मा निंबाच्या शेंड्याकडं बघायला लागली.

"आणि ऐक," शिवकांता म्हणाली, "तुझ्या फळीवरची माझी चटणी आधी खायची. तिळाची हाय, लवकर वास येतो तिला." तिळाच्या चटणीला इतक्यात वास येत नाही हे तिथं उभ्या असलेल्या तिघांनाही माहीत होतं.

लग्न त्याच वर्षी मार्गशीर्षात झालं. ते काही गोडीगुलाबीनं झालं नाही. बस्त्याला दोघी तनुजासाठी दोन वेगळे शालू धरून दुकानात अडून बसल्या. तनुजानं तिसराच घेतला. हळदीला शिवकांतानं गौरम्माला जरा मागंच ठेवलं, तर गौरम्मानं तोंडावर विचारलं, "अक्का, मी काय परकी हाय का?" आणि शिवकांता तोंडावरच म्हणाली, "आज मला पुढं राहू दे की गं." मांडवातल्या बायका चकित झाल्या. दोघी जावा असं भांडतात हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. लग्नानंतर दीड महिना त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत.

हेवा गेला म्हणावं तर नाही गेला. सत्यमनं आधी लातूरला फोन केला हे कळलं की शिवकांताला तो अजून टोचतो. पण आता ती तो गिळत नाही, सरळ लातूरला फोन लावते आणि विचारते, "काय बोलला गं? मला का न्हाई सांगितलं?" जूनमध्ये अॅडमिशन सुरू होतात, मेसमध्ये पोरींची झुंबड उडते आणि गौरम्माचे गुडघे धरतात, तेव्हा ती महिनाभर लातूरला जाऊन भाकरी थापते. एका हातानं जोर लावते, निखळलेल्या हातानं नुसता आधार देते. गौरम्मा शेजारी भाजी फोडणीला टाकते. मधेच कधीतरी, पोरी जेवून वर गेल्या की, हात पुसत म्हणते, "अक्का, ते बांगडीचं सांगा की परत. चुलीत टाकायला निघाली होती ते."

आणि शिवकांता तवा उतरवून सांगायला बसते.